नाही म्हणायची सोय

२८ नोव्हेंबर २०२०, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. कॅलिफोर्नियातल्या आमच्या सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याने त्या दिवशी कोविडमुळे आदेश काढला. सोमवारपासून काउंटीच्या हद्दीत अंगाला अंग लागेल असा कुठलाही खेळ बंद. शाळेतल्या पोरांचा असो, कॉलेजचा असो, नाहीतर कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या व्यावसायिक संघांचा. सामने तर नाहीतच, सरावही नाही. फोर्टीनाइनर्स हा इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ उठून अ‍ॅरिझोनात गेला. स्टॅनफर्डच्या मुलांचा बास्केटबॉल संघ तेव्हा स्पर्धेसाठी नॉर्थ कॅरोलायनात होता, तो तिकडेच थांबला. आणि स्टॅनफर्डच्या मुलींच्या संघाने, ज्याने तीनच दिवसांपूर्वी आपल्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये हंगामाचा पहिला सामना जिंकला होता, बॅगा भरल्या. पुढचे सुमारे दहा आठवडे त्या मुली विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत राहिल्या.

मला तो आदेश पटला होता. ६ फेब्रुवारी २०२० ला आमच्याच काउंटीत झालेला एक मृत्यू अमेरिकेतल्या कोविडच्या अगदी सुरुवातीच्या मृत्यूंपैकी होता, हे नंतर उघड झालं. १६ मार्चला बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, सहा काउंट्यांनी मिळून घराबाहेर पडू नका असा आदेश काढला, तोही देशातला पहिलाच. तेव्हापासून आमच्या तेव्हाच्या आरोग्य अधिकारी डॉ. सारा कोडी यांना शिव्याशाप आणि धमक्या सोसाव्या लागल्या. नोव्हेंबर उजाडला तेव्हा दवाखान्यांतल्या खाटा पुन्हा भरत चालल्या होत्या. अशा वेळी कोणी ठामपणे ‘बंद’ म्हटलं तर मी त्या माणसाच्या बाजूने उभी राहणार.

आणि तरीही त्या मुलींनी खेळावं असं मला मनापासून वाटत होतं. या दोन गोष्टी एका डोक्यात सुखाने नांदत नाहीत. तो अख्खा हिवाळा माझ्या डोक्यात त्यांचं भांडण चालू होतं, आणि त्यातून मला जे उमगलं ते लिहायला मी बसले आहे.

मी नागपूरची. शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टावर शाळेपासून बास्केटबॉल खेळले, पुढे कॉलेजच्या संघातून. चेंडू खेळवत नेणाऱ्या गार्डला हवी तेवढी चपळाई माझ्यात नव्हती म्हणून सरांनी मला रिंगखाली उभं केलं. रिंगखालचं आयुष्य बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. शॉट सुटला की चेंडूकडे बघायचं नाही, आधी मागच्या मुलीला पाठीवर घ्यायचं. गुडघे वाकवायचे, कंबर तिच्या मांडीला टेकवायची, दोन्ही हात पसरायचे आणि तिला तिथेच दाबून धरायचं. तिचा श्वास आपल्या मानेवर लागतो. तिने ओरडलेलं कानात घुमतं. तिचा घाम आपल्या दंडावर येतो. मग दोघी एकदम उडी मारतो, आणि तोंडं एकमेकींपासून वीतभर अंतरावर असतात. हा खेळ अंतर ठेवून खेळता येत नाही. मास्क, सॅनिटायझर, दूर मांडलेल्या खुर्च्या हे सगळं कोर्टाच्या बाहेर. रेघेच्या आत गेलं की दहा जणींचा श्वास एकच.

म्हणूनच मार्च २०२० मध्ये हे सगळं जिथल्या तिथे थांबलं. ११ मार्चच्या रात्री युटा जॅझच्या रूडी गोबेअरची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि एनबीएने, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, हंगाम थांबवला. दुसऱ्या दिवशी दुपारी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्रेटन आणि सेंट जॉन्स या कॉलेज संघांची मॅच सुरूही झाली होती. अर्धी झाल्यावर संघ आत गेले ते परत आलेच नाहीत. त्याच दिवशी एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, मुलांची आणि मुलींची दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. मुलांची स्पर्धा १९३९ पासून दर वर्षी होत आली होती, महायुद्धातसुद्धा.

या निर्णयाची पैशातली किंमत मोठी होती. एनसीएए त्या वर्षी सदस्य कॉलेजांना ६० कोटी डॉलर वाटणार होती. हातात पडले साडेबावीस कोटी. ज्या खेळांमधून पैसा येत नाही ते बंद करायला काही विद्यापीठांनी सुरुवातही केली. खुद्द स्टॅनफर्डने जुलैमध्ये अकरा खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं (पुढच्या मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला, हे त्या खेळाडूंचं आणि त्यांच्यासाठी भांडणाऱ्या माजी खेळाडूंचं यश). तेव्हा २०२०-२१चा हंगाम झालाच पाहिजे, असा दबाव कुठून येत होता हे सांगायला नको. आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं होतं ती एकोणीस-वीस वर्षांची पोरं तेव्हा एक डॉलरही कमावू शकत नव्हती. स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे मिळवायची मुभा त्यांना मिळाली ती १ जुलै २०२१ ला, हा सगळा हंगाम पार पडल्यावर.

तर हंगाम कसा खेळायचा याची एक व्यवस्था बसवली गेली. सुरुवात दोन आठवड्यांनी पुढे ढकलून २५ नोव्हेंबरवर नेली. तोवर बहुतेक विद्यार्थी थँक्सगिव्हिंगसाठी घरी जातात आणि कॅम्पस रिकामा होतो, हा त्यामागचा हिशोब मला शहाणपणाचा वाटला. सामने कमी केले. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र व्हायला किमान तेरा सामने पुरेसे ठरवले. आठवड्यातून तीनदा चाचणी. स्टॅनफर्ड ज्या गटात खेळायची त्या पॅक-१२ मध्ये तर रोज अँटिजेन चाचणी.

पण खरी कात्री होती ती ‘क्लोज काँटॅक्ट’च्या नियमाची. बाधित माणसापासून सहा फुटांच्या आत, चोवीस तासांत मिळून पंधरा मिनिटं, एवढं झालं की तुम्ही जवळच्या संपर्कातले, आणि चौदा दिवस खोलीत. आता बास्केटबॉलच्या सरावाला हा नियम लावून बघा. एका दुपारी पाच विरुद्ध पाच खेळलं की संपूर्ण संघ पंधरा मिनिटांच्या पलीकडे जातो. एक मुलगी पॉझिटिव्ह आली की बारा-पंधरा जणी आपापल्या खोलीत बंद. डिसेंबरच्या सुरुवातीला सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, चौदाचे दहा, आणि चाचणी निगेटिव्ह असेल तर सात दिवस चालतील असं सांगितलं, तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला. तरी बेलर विद्यापीठाच्या मुलांचा संघ फेब्रुवारीत तीन आठवडे ठप्प झाला. मिशिगन विद्यापीठात विषाणूचा ब्रिटनहून आलेला नवा प्रकार सापडला म्हणून जानेवारीत तिथले सगळेच खेळ दोन आठवडे थांबवले.

संघ मग काय करायचे? चित्रफितीवर डावपेच शिकवायचे. हॉटेलात जेवण खोलीच्या दाराशी ठेवलं जायचं. बसमध्ये कोण कुठल्या खुर्चीवर बसलं याची नोंद. वॉर्म-अपला मास्क, बाकावर मास्क, प्रशिक्षकाला ओरडताना मास्क. घरी जायचं नाही, मैत्रिणीकडे जायचं नाही, नाताळ नाही. कोर्टावर एकमेकींच्या अंगावर आदळायची परवानगी आणि कोर्टाबाहेर एका टेबलावर जेवायची बंदी, असा तो विचित्र करार होता. मला तो अडाणीपणाचा वाटत नाही. खेळताना तोंड उघडं असतं पण माणसं सतत हलत असतात. जेवताना तोंड उघडं असतं आणि माणसं तासभर समोरासमोर बसतात. नियम करणाऱ्यांनी जे टाळता येण्यासारखं होतं ते सगळं टाळायला लावलं, जेणेकरून न टाळता येणारी जोखीम तेवढी उरावी. पण त्या ‘टाळण्या’त एका विशीतल्या मुलीचं सगळं जगणंच मोडत होतं, आणि ते कुठल्या चाचणीत मोजलं जात नव्हतं.

स्टॅनफर्डच्या मुलींनी लास वेगासमध्ये सामने खेळले, मग समुद्राकाठच्या सांता क्रूझमध्ये मुक्काम टाकला. सांता क्रूझ आमच्याकडून डोंगर ओलांडला की पलीकडे, हायवे १७ च्या वळणावळणांनी जेमतेम तासाभरावर. तिथली काउंटी वेगळी, त्यामुळे नियम वेगळे. तिथल्या एका छोट्या हॉलमध्ये त्यांचे ‘घरचे’ सामने झाले. मला सुरुवातीला याचा राग आला. आमच्या काउंटीने जी जोखीम नको म्हटली ती डोंगरापलीकडे नेऊन ठेवली, यात आदेशाचं अक्षर पाळलं, हेतूचं काय? शिवाय त्या दिवसांत माझ्या ओळखीतली, किराणा दुकानात काउंटरवर उभी राहणारी एक बाई ताप आला म्हणून चाचणी करून आली तर निकालाला चार दिवस लागले. इकडे खेळाडूंना रोज सकाळी चाचणी आणि न्याहारीच्या आधी निकाल. ही विषमता मला तेव्हाही डाचली, आजही डाचते. त्यात खेळाडूंचा दोष नाही, पण ती होती.

आणि मग मी संध्याकाळी लॅपटॉप उघडून त्यांची मॅच लावायचे. रिकाम्या हॉलमधली मॅच वेगळीच ऐकू येते. प्रेक्षकांच्या गोंगाटाखाली एरवी जे बुडून जातं ते सगळं वर येतं. बुटांचा करकर आवाज, ‘स्क्रीन लेफ्ट!’ म्हणून दिलेली हाक, चेंडू बोर्डाला लागल्याचा धप्प आवाज, बाकावरून मास्कमधून येणारं दबकं ओरडणं. बाकावरच्या मुली एकमेकींपासून लांब लांब खुर्च्यांवर बसलेल्या, आणि बास्केट झाली की आपापल्या जागी उभं राहून दुरूनच हात हवेत उंचावणाऱ्या. १५ डिसेंबरला स्टॉकटनमध्ये पॅसिफिक विद्यापीठाला १०४-६१ असं हरवून त्यांच्या प्रशिक्षक टॅरा व्हॅनडरव्हिअर यांनी १०९९ वा विजय मिळवला आणि आधीच्या विक्रमवीर प्रशिक्षक पॅट समिट यांना मागे टाकलं. महिला कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वाधिक विजयांचा तेव्हाचा विक्रम, आणि समोर जवळजवळ मोकळ्या खुर्च्या. एरवी मेपल्समध्ये हे झालं असतं तर मी लेकीला घेऊन हजर असते. महामारीआधी आम्ही दोघी तिथे नेहमी जायचो. मुलींच्या सामन्याचं तिकीट आमच्या खिशाला परवडायचं आणि पुढच्या रांगा मिळायच्या.

त्याच्या तीनच दिवस आधी, १२ डिसेंबरला, टॅलाहॅसीमध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघातला कियाँटे जॉन्सन भर मॅचमध्ये कोसळला. टाइमआउट संपवून कोर्टावर परतत असताना वीस-एकवीस वर्षांचा दणकट मुलगा तोंडावर पडला. उन्हाळ्यात त्याला कोविड होऊन गेला होता, त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच शंका आली, हृदयाची. कोविडनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते म्हणून बाधित खेळाडूंचा ईसीजी, रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी आणि इको करूनच त्यांना पुन्हा मैदानात सोडावं, असं डॉक्टर आधीपासून सांगत होते. पुढे तज्ज्ञांनी तपासून जॉन्सनच्या बाबतीत कोविडचा संबंध नसल्याचा निष्कर्ष काढला, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. तो वाचला, पुन्हा खेळला, २०२३ मध्ये कॅन्सस स्टेटला देशातल्या शेवटच्या आठ संघांत घेऊन गेला. हे सगळं चांगलंच झालं. पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ती त्या दिवसाची पुढची गोष्ट. त्याला स्ट्रेचरवरून नेलं, त्याचे साथीदार कोर्टावर रडत होते, आणि थोड्या वेळाने मॅच पुढे चालू झाली. फ्लोरिडाची मुलं उरलेला सामना खेळली आणि ८३-७१ हरली.

ते खेळताना त्यांच्या मनात काय होतं, मॅच थांबवा असं कोणाला म्हणावंसं वाटलं असेल का, आणि वाटलं असतं तर म्हणता आलं असतं का? हा प्रश्न मला चाचण्यांच्या आणि अंतराच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो. कारण महामारीत सुरक्षित खेळायचं म्हणजे शेवटी एवढंच की चुकीच्या क्षणी कोणीतरी ‘आता पुरे’ म्हणू शकलं पाहिजे, आणि म्हणणाऱ्याचं काही बिघडता कामा नये. थांबण्याची सोय नसेल तर उरलेल्या सगळ्या नियमांना फारसा अर्थ राहत नाही.

तसं म्हणणारे निघाले. आयव्ही लीगने, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ विद्यापीठांनी, १२ नोव्हेंबरलाच हिवाळ्यातले सगळे खेळ रद्द केले. ड्यूक विद्यापीठाच्या मुलांचे प्रशिक्षक माइक शिशेव्हस्की ८ डिसेंबरला इलिनॉयकडून हरल्यानंतर सगळ्यांसमोर म्हणाले की आत्ता खेळणं बरोबर आहे का याचा पुन्हा विचार व्हायला हवा. हरल्यावर बोलले म्हणून त्यांच्यावर टीका झाली. मला ती टीका पटली नाही. चाळीस वर्षं त्या बाकावर बसलेल्या माणसाला ही शंका येत असेल तर ती ऐकायला हवी. दुसऱ्याच दिवशी ड्यूकच्या मुलींच्या प्रशिक्षक कारा लॉसन यांनी तर स्पष्टच सांगितलं की आपण आत्ता खेळायला नको. आणि २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, बातमी आली की ड्यूकच्या मुलींनी हंगाम संपवायचा निर्णय घेतला. चार सामने झाले होते, तीन जिंकले होते. विद्यापीठाच्या निवेदनात निर्णय खेळाडूंचा असल्याचं म्हटलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत व्हर्जिनिया आणि व्हँडरबिल्टच्या मुलींचे हंगामही असेच मध्येच संपले.

या यादीत मुलींचे संघ ठळकपणे दिसतात. मुलींमध्ये जास्त भीती आणि मुलांमध्ये जास्त धाडस, असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. मुलांच्या स्पर्धेवर टीव्हीचा पैसा होता, त्यामुळे मुलांच्या संघाला ‘नाही’ म्हणणं फार महाग होतं. मुलींच्या खेळात पैसा कमी, म्हणून त्यांच्यावर दोरही सैल. एरवी जी उपेक्षा असते तिनेच त्यांना थोडी मोकळीक दिली, हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी, कारण ती कमी लोकांना ठाऊक आहे. एनसीएएने ऑगस्ट २०२० मध्येच नियम केला होता की कोविडच्या भीतीने कोणी खेळणार नाही म्हटलं तर कॉलेजने त्याची शिष्यवृत्ती काढायची नाही. ऑक्टोबरमध्ये हिवाळी खेळांच्या सगळ्याच खेळाडूंना एक वर्ष वाढवून दिलं. २०२०-२१ मध्ये खेळा किंवा खेळू नका, ते वर्ष तुमच्या चार वर्षांत धरलं जाणार नाही. पैशासाठी हंगाम रेटणारी संस्था तीच, आणि हे दोन नियम करणारीही तीच. टीका करताना हेही सांगितलंच पाहिजे. ड्यूकच्या मुली ‘नाही’ म्हणू शकल्या यात त्यांची हिंमत होती, पण त्या हिमतीच्या पायाखाली हे दोन नियम होते.

मार्चमध्ये मुलांची सगळी स्पर्धा इंडियाना राज्यात, मुख्यतः इंडियानापोलिसमध्ये आणली. अडुसष्ट संघ एका शहराच्या आसपास. येण्याआधी सलग सात दिवस निगेटिव्ह, आल्यावर दोन चाचण्या निगेटिव्ह येईपर्यंत खोलीबाहेर पाय नाही. हॉटेलांतून उंचावरच्या बंद पुलांनी थेट कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, तिथे सरावासाठी आखलेली कोर्टं. अंगावर एक छोटं यंत्र, कोण कोणाच्या किती जवळ किती वेळ होतं ते टिपणारं. उन्हात बसावं म्हणून बेसबॉलचं एक मैदान मोकळं ठेवलं. काम चोख होतं, यात शंका नाही. सदुसष्टपैकी सहासष्ट सामने झाले. एकच झाला नाही: २० मार्चला व्हीसीयूच्या (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या) संघात पॉझिटिव्ह निघाले आणि ऑरेगनविरुद्धची त्यांची मॅच सुरू व्हायच्या काही तास आधी रद्द झाली. वर्षभर सगळं पाळून त्या मुलांना एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. तरी तो निर्णय बरोबर होता. ५ डिसेंबरला गोंझागा आणि बेलर या देशातल्या सर्वोत्तम दोन संघांचा सामना सुरू व्हायला दीड तास उरला असताना रद्द झाला होता, तोही बरोबर. ते दोघे पुढे ५ एप्रिलला अंतिम सामन्यातच भेटले आणि बेलर ८६-७० जिंकलं.

मुलींची स्पर्धा टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियो आणि आसपास झाली. तिथलं व्यायामशाळेचं प्रकरण जगभर गाजलं. मुलांसाठी हॉलभर वजनं आणि यंत्रं, मुलींसाठी डंबेल्सची एकच घडवंची. आधी स्टॅनफर्डच्या फिटनेस प्रशिक्षिकेने दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी लावून टाकले, मग ऑरेगनच्या सेडोना प्रिन्सने स्वतः तिथे उभं राहून काढलेला छोटा व्हिडिओ टाकला आणि दोन दिवसांत एनसीएएला वजनं आणून टाकावी लागली. छान झालं. पण लोक डंबेल्सवर थांबले. मला त्याहून गंभीर वाटलेली गोष्ट तेव्हा फार थोड्यांनी उचलून धरली. मुलांची रोज पीसीआर चाचणी होत होती आणि मुलींची रोज अँटिजेन.

फरक काय, तर पीसीआरमध्ये विषाणूचं जनुकीय द्रव्य पुन्हा पुन्हा दुप्पट करत वाढवतात, त्यामुळे अगदी थोडा विषाणू असला तरी तो सापडतो. अँटिजेन चाचणी विषाणूवरचं प्रथिन शोधते. निकाल लवकर मिळतो, पैसे कमी पडतात, पण लागण नुकतीच झालेली असेल तर ती निसटू शकते. हंगामभर रोज करायची तर अँटिजेन हा चांगला व्यवहार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाच संस्थेच्या, एकाच महिन्यातल्या, एकाच खेळाच्या दोन स्पर्धा. मुलाच्या नाकातल्या विषाणूसाठी महागडी चाचणी आणि मुलीच्या नाकातल्या विषाणूसाठी स्वस्तातली, हे कुठल्या वैद्यकशास्त्रात बसतं? ‘सुरक्षित’ची दोन मापं होती. एनसीएएने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली आणि ऑगस्टमध्ये आलेल्या त्या अहवालाने मुलांच्या स्पर्धेला सगळ्या बाबतींत झुकतं माप दिलं जात असल्याचं स्पष्ट नोंदवलं. २०२२ पासून मुलींच्या स्पर्धेतही अडुसष्ट संघ आले, तोवर मुलांच्या स्पर्धेपुरतं असलेलं ‘मार्च मॅडनेस’ हे नाव मुलींनाही मिळालं. नाव मिळायला २०२२ उजाडावं लागलं.

४ एप्रिलच्या रविवारी अंतिम सामना. स्टॅनफर्ड विरुद्ध अ‍ॅरिझोना. उपांत्य फेरीत साउथ कॅरोलायनाविरुद्ध ६६-६५ अशी एका गुणाने निसटलेली स्टॅनफर्ड पुन्हा ५४-५३ वर आली. शेवटच्या सेकंदांना अ‍ॅरिझोनाची आरी मॅकडोनाल्ड तिघींच्या गराड्यातून शॉट मारते, चेंडू रिंगला लागून बाहेर जातो आणि स्टॅनफर्ड १९९२ नंतर पहिल्यांदा विजेती. स्टॅनफर्डची कियाना विल्यम्स तर सॅन अँटोनियोचीच मुलगी. इतके आठवडे परक्या हॉटेलांत काढून ती जिंकली ती स्वतःच्या गावात. मी सोफ्यावरून उठून ओरडत होते.

आणि माझा फोन त्याच वेळी सारखा वाजत होता. नागपुरात १५ मार्चपासून पुन्हा लॉकडाउन लागून गेला होता, दुसरी लाट चढत होती. त्याच रविवारी महाराष्ट्र सरकारने रात्रीची संचारबंदी आणि शनिवार-रविवारचं लॉकडाउन जाहीर केलं. घरच्या ग्रुपवर कोणाच्या तरी सासऱ्यांसाठी ऑक्सिजनची खाट शोधणं चालू होतं. एका पडद्यावर रोज चाचणी होणाऱ्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि दुसऱ्यावर ‘चाचणीची रांग कुठे कमी आहे’ असे निरोप. मी त्या दिवशी कुठलाही पडदा बंद केला नाही.

माझी भाची नागपुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तीही शिवाजीनगरलाच वाढलेली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळाडू, गार्ड. कॉलेज बंद, कोर्टाला कुलूप, त्या वर्षीचे आंतरमहाविद्यालयीन सामने झालेच नाहीत. तिच्याकडे गच्ची होती, चेंडू होता, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार होती. ते वर्ष तिला कोणी परत दिलं नाही. परीक्षा ऑनलाइन झाली, पदवी मिळाली, संपलं. बंद ठेवणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. रोज पंधरा जणींची चाचणी करायची ऐपत ज्या व्यवस्थेकडे नाही तिने कुलूप लावलं तेच योग्य होतं. माझं म्हणणं कुलपाच्या नंतरचं आहे. आमच्याकडे महाराष्ट्रात खेळाडूला शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि ते मिळतं प्रमाणपत्रावर. स्पर्धाच झाली नाही तर प्रमाणपत्र कुठून येणार? गेलेलं वर्ष मुलीच्या खात्यातून वजा करायचं नाही, एवढा एक साधा नियम करायला चाचण्यांची यंत्रं लागत नाहीत.

हे सगळं मी तिला फोनवर सांगत होते. ड्यूकच्या मुलींचं, स्टॅनफर्डचं, खेळाडूला विचारलं पाहिजे हे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. आजी घरात असूनसुद्धा. कोणीपण हो म्हणेल. नाही म्हटलं तर सर पुढच्या वेळी घेणार नाहीत, हे काय कोणाला कळत नाही?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिच्या वयात मीही हेच केलं असतं. नुसतं विचारणं पुरत नाही. विचारणाऱ्याच्या हातात संघाची यादी असेल तर त्या प्रश्नाला एकच उत्तर येतं. मी तिला एनसीएएच्या त्या दोन नियमांबद्दल सांगितलं, शिष्यवृत्ती काढायची नाही आणि वर्ष मोजायचं नाही.

“मग तसं आधी लिहून द्यायला पाहिजे,” ती म्हणाली. “नाही म्हणणाऱ्या मुलीची जागा पुढच्या वर्षी तिचीच राहील, असं. सही करून. मग विचारा.” आणि लगेच तिने विषय बदलला. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख जवळ आली होती, आणि खेळाच्या रकान्यात दोनच वर्षांची प्रमाणपत्रं लावायची की तिसऱ्या वर्षाबद्दल काही लिहायचं, ते तिला माझ्याकडून हवं होतं.